आधी शिवायचं आणि मग चुण्या? मियाकेच्या प्लीट्सबद्दल कोणी सांगेल का

सुईदोरा
मंडळी, कामाचा प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते. मी नाशिकला शिवणकाम करते, ब्लाउज, कुर्ते, मुलींचे परकर-पोलके वगैरे. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका बाईंना त्यांच्या लेकीने जपानहून एक टॉप आणलाय. इस्से मियाके नावाच्या डिझायनरचा, ब्रँडचं नाव प्लीट्स प्लीज. अंगभर बारीक उभ्या चुण्या, वजनाला काहीच नाही, मुठीत चुरगळला तरी सोडला की पुन्हा जसाच्या तसा. त्यांना तसाच कुर्ता हवाय, पण त्यांच्याकडच्या टसर सिल्कचा.

मी तो टॉप उलटा करून बघितला तर चक्रावूनच गेले. आपल्याकडे प्लीट्स आधी कापडाला घालतात, मग कटिंग, मग शिवण. इथे खांद्याच्या जोडावर, बाहीच्या जोडावर, दुमडीवर सगळीकडे चुणी अखंड गेलीये. म्हणजे कपडा पूर्ण शिवून झाल्यावर चुण्या घातल्यात! हे करतात कसं? आणि टसरमध्ये टिकेल का? बाईंना हो म्हणायच्या आधी मला समजून घ्यायचंय.

चहाबाज
मला कपड्यातलं इस्त्रीपलीकडे काही कळत नाही, पण हा धागा रंगणार. जागा पकडून ठेवतो.

इचलकरंजीकर
ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत, शिवण आधी आणि चुणी नंतर. मियाकेची खरी युक्ती हीच.

आता टसरचं. थोडं रसायनशास्त्र सांगतो, कारण सगळी गंमत धाग्यात आहे. पॉलिएस्टर थर्मोप्लास्टिक असतं. साधारण ७०-८० डिग्रीच्या वर त्याच्या आतल्या साखळ्या हलायला लागतात, वितळतं मात्र २५० च्या पुढे. मधल्या पट्ट्यात, १८०-२०० च्या आसपास, दाबून घडी घातली आणि तशीच गार होऊ दिली की ती घडी त्याचा मूळ आकार होऊन बसते. नंतर घरच्या पाण्याने धुतलं तरी तेवढं तापमान येतच नाही, म्हणून चुणी जात नाही. आपल्या शाळेच्या टेरिकॉटच्या स्कर्टच्या बॉक्स प्लीट्स वर्षभर राहायच्या त्याचं कारण हेच, त्यात पॉलिएस्टर जास्त असायचं.

सिल्क, कॉटन यांचं तसं नाही. त्यांची घडी हायड्रोजन बंधांवर टिकलेली असते आणि पाणी लागलं की ते बंध सुटतात. टसरला कितीही दाबून चुण्या घाला, पहिल्या धुण्यात निम्म्या जातील. बाईंना स्पष्ट सांगा.

केतकी_टोक्यो
मी इथे बरीच वर्षं राहतेय आणि या विषयावर माझा फार जीव आहे, त्यामुळे मोठी पोस्ट होणार, आधीच सांगते.

मियाकेंच्या स्टुडिओत चुण्यांवर काम सुरू झालं १९८८ च्या सुमाराला. त्यांच्याबरोबर माकिको मिनागावा नावाच्या कापड-डिझायनर होत्या, त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं पण कापडाची बाजू त्यांनीच सांभाळली. पद्धत अशी: घालायच्या मापाच्या अडीच ते तीन पट मोठा कपडा कापायचा आणि शिवायचा. तो समोर धरला तर राक्षसाचा वाटतो. मग दोन कागदांच्या मध्ये घालून, माणसांनी हाताने नीट सरळ करत तो मशीनमध्ये सोडायचा. मशीन कागदासकट बारीक घड्या घालतं आणि उष्णतेने पक्क्या करतं. बाहेर येते एक कडक पट्टी, कागद सोलून काढला की आत माणसाच्या मापाचा टॉप. मी याचा व्हिडिओ एका प्रदर्शनात बघितला होता आणि तिथून हललेच नाही, पुन्हा पहिल्यापासून बघत राहिले.

यातली मोठी गोष्ट मला अशी वाटते की चुणी हा सजावटीचा भाग राहिलाच नाही. तीच कपड्याचं माप ठरवते. डार्ट (फिटिंगसाठी घेतलेली चिमटी) नाही, इलॅस्टिक नाही, चेन नाही, अंग जिथे रुंद तिथे चुणी उघडते, जिथे बारीक तिथे मिटते. माझी सासू आणि मी एकच पँट घालू शकतो, आणि आमच्या दोघींच्या बांध्यात भरपूर फरक आहे.

१९९१ मध्ये त्यांनी नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी असे कपडे केले. नर्तक सगळ्या बाजूंनी वाकतात, उड्या मारतात, तिथे जे टिकलं ते रोज घालण्याजोगं आहे हे त्यांना दिसलं. १९९३ ला प्लीट्स प्लीज वेगळा ब्रँड म्हणून सुरू झाला.

नदीकाठ
सगळं मान्य, पण आपल्याकडे नऊवारीच्या निऱ्या आहेतच की. एकही टाका न घालता सगळ्या बांध्यांना बसते, त्यात काम करता येतं, घोड्यावरही बसता येतं. जपानने केलं की कला आणि आजीने केलं की रोजचं, असं होतं आपलं.

केतकी_टोक्यो
@नदीकाठ, नऊवारीबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं आणि मियाकेंनाही ते पटलं असतं, कारण त्यांचा सगळा विचारच "कापडाचा एक तुकडा आणि अंग" असा होता. कापड आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा हा त्यांचा आवडता विषय, किमोनोतूनच आलेला. पण निरी रोज सकाळी हाताने घालावी लागते आणि ती बाईच्या बोटांत असते. इथे ती कापडात कायमची बसवलीये. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. एकाला मोठं म्हटलं म्हणून दुसरं लहान होत नाही ना.

नदीकाठ
हे मान्य. पण आजीच्या बोटांना पुरस्कार कोणी दिला नाही हे माझं म्हणणं राहणारच.

मृण्मयी_न
+१ आजीच्या बोटांना.

तिरकी_घडी
फॅशन डिझाइन शिकवते, म्हणून थोडा मागचा इतिहास. मियाके पहिले नव्हेत. व्हेनिसमध्ये मारियानो फोर्चुनीने १९०७ च्या सुमाराला "डेल्फॉस" नावाचा झगा केला, अतिशय बारीक चुण्यांचा, आणि सुईदोराताई, तो चक्क सिल्कचा होता. १९०९ ला पेटंट घेतलं आणि त्या कागदावर स्वतःच लिहून ठेवलं की हे खरं हेन्रिएटचं काम आहे (हेन्रिएट नेग्रँ, पुढे त्याची बायको झाली ती). कडेला मुरानो काचेचे मणी लावायचे, वजनाने चुण्या ओढलेल्या राहाव्यात म्हणून. ठेवताना पीळ घालून गोल डबीत ठेवायचा. आणि भिजला की चुण्या सैल व्हायच्या, मग पुन्हा चुण्या घालून घ्यायला परत पाठवायचा!

म्हणजे इचलकरंजीकर म्हणाले तेच. सिल्कमध्ये होतं, पण ते श्रीमंतांचं, नाजूक, जपून वापरायचं होतं. मियाकेंनी पॉलिएस्टर घेतलं ते स्वस्तात करायचं म्हणून नाही, तर कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकता यावा, इस्त्री लागू नये, गुंडाळी करून बॅगेत कोंबता यावा म्हणून. जीन्स आणि टीशर्टइतका सगळ्यांचा कपडा करायचा ही त्यांची इच्छा होती.

गॅलरीतला
इथे माझा आक्षेप आहे. सगळ्यांचा कपडा? साध्या टॉपला काही शे डॉलर पडतात! जीन्स आणि टीशर्टशी बरोबरी करायची तर किंमतही तशी हवी. आता तर आर्किटेक्ट, गॅलरीवाले, लेखक यांचा तो गणवेश झालाय. मला तो कपडा आवडतो, बायकोला एकदा घेऊनही दिला, पण "लोकशाही कपडा" हे ऐकलं की मी थांबतो.

केतकी_टोक्यो
किमतीचा मुद्दा खरा आहे, मी वाद घालणार नाही. माझे जवळजवळ सगळे सेकंडहँड दुकानातले आहेत. पण एक सांगते, सेकंडहँड घेऊनही चुण्या नव्यासारख्या आहेत. आधी कोणी किती वर्षं घातले असतील कोणास ठाऊक. फॅशनमधली किती कपडे असे दुसऱ्या-तिसऱ्या मालकिणीकडे धडधाकट पोचतात?

भटक्या
पुरुषांसाठी आहे का यात काही?

केतकी_टोक्यो
हो, ओम प्लिस्से, २०१३ पासून. तोक्योत ट्रेनमध्ये सत्तरीचे काका प्लीट्सच्या पँटमध्ये आणि विशीतली मुलंही त्याच पँटमध्ये दिसतात. तशीही जपानी पुरुषांना चुण्या नवीन नाहीत, हाकामाला (त्यांचा पारंपरिक घेरदार पायघोळ पोशाख) पुढे पाच आणि मागे दोन असतातच.

भटक्या
सत्तरीच्या काकांना सोय म्हणून आवडत असणार. कंबर वाढली तरी पँट बदलायला नको. माझी चौकशी त्याच कारणाने होती.

सुईदोरा
बापरे, किती माहिती! वाचतेय सगळं. इचलकरंजीकर, मग टसर बाद. पण मला शिवून मग चुण्या घालायचं करून बघायचंच आहे. कापड कुठलं घेऊ? आणि आपल्याकडे असं प्लीटिंग कोण करतं?

मुंबईचा_कारागीर
ताई, मी मुंबईत प्लीटिंगचं काम करणाऱ्याच्या शेजारी बरीच वर्षं होतो, एम्ब्रॉयडरीचा धंदा होता माझा. ते लोक पुठ्ठ्याचा साचा वापरतात. दोन पुठ्ठे एकसारखे घड्या घातलेले, मध्ये कापड, मग सगळं मिटवून बांधून वाफेच्या पेटीत. गार होईपर्यंत उघडायचं नाही, घाई केली की चुणी मऊ पडते. सनरे प्लीट्सचे (वर बारीक, खाली रुंद होत जाणाऱ्या चुण्यांचे) लेहंगे, दुपट्टे असेच होतात. मशीनवर बारीक नाइफ प्लीट, म्हणजे सगळ्या एकाच बाजूला पडणाऱ्या चुण्या, करणारेही आहेत.

पण बहुतेक सगळे तुमच्याकडून सपाट कापड मागतात. शिवलेला कपडा दिला तर नाही म्हणतील, कारण जोडावर जाडी येते, तिथे घडी नीट बसत नाही, साचा खराब होतो. आधी जाऊन बोला, कपडा दाखवा, बारीक शिलाई आहे हे पटवून द्या. ऐकणारा एखादा निघतो, मला माहितीये, हौशी लोक असतात या धंद्यात.

चहाबाज
अवांतर: स्टीव्ह जॉब्जचे काळे बंद गळ्याचे टीशर्ट याच मियाकेंनी करून दिलेले ना?

तिरकी_घडी
हो, तेच. जॉब्जनी सोनीच्या कारखान्यातला मियाकेंनी केलेला युनिफॉर्म बघितला आणि तिथून ओळख झाली. युनिफॉर्मवरून आठवलं, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला लिथुआनियाच्या संघाचा पोशाख मियाकेंनी केला होता, चुण्यांचा! नुकता स्वतंत्र झालेला देश, आणि खेळाडू उद्घाटनाला प्लीट्सच्या जॅकेटमध्ये. फोटो शोधून बघा सगळ्यांनी.

मृण्मयी_न
बघितले फोटो. काय सुंदर आहे ते!! टोपी असलेलं जॅकेट, आणि उंच माणसाला पण आणि बुटक्याला पण बसतंय.

कोकणकडा
मला त्यांचा १९९४ चा "फ्लाइंग सॉसर" ड्रेस सगळ्यात आवडतो. रंगीत कागदी आकाशकंदिलासारखा, एकावर एक चकत्या, अंगातून काढला की दाबून सपाट होतो. नंतर १९९५ चा मिनारेट ड्रेसही तसाच. आणि चित्रकारांना बोलावून त्यांनी जे केलं तेही बघा. त्साय ग्वो-चियांग या चिनी कलाकाराने जमिनीवर मांडलेल्या पांढऱ्या चुणीदार कपड्यांवर दारूची पूड ड्रॅगनच्या आकारात पसरून पेटवली, आणि जळल्याचे ते डाग नंतर कपड्यांवर छापले. १९९८ ची गोष्ट, पॅरिसला प्रदर्शन झालं होतं.

गॅलरीतला
ते वाचून मला नेहमी वेगळं वाटतं. मियाके हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ ला ते सात वर्षांचे होते आणि तिथेच होते. तीन वर्षांच्या आत आई किरणोत्सर्गाने गेली. यावर ते आयुष्यभर जवळजवळ बोलले नाहीत, अणुबॉम्बमधून वाचलेला डिझायनर अशी ओळख त्यांना नको होती. २००९ ला एका अमेरिकन वर्तमानपत्रात लेख लिहून पहिल्यांदा उघड बोलले, ओबामांनी हिरोशिमाला यावं म्हणून. त्यात त्यांनी लिहिलंय की उद्ध्वस्त करता येणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या गोष्टींचा विचार करायला मला आवडतं, आणि कपड्यांकडे वळण्याचं तेही एक कारण. अशा माणसाने स्वतःच्या कपड्यांवर कोणाला दारू पेटवू द्यावी... मी किमतीवरून भांडत असलो तरी या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे.

केतकी_टोक्यो
धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. मला ते लिहायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. हिरोशिमात शांती उद्यानाजवळ शिल्पकार इसामू नोगुचींचे दोन पूल आहेत, शाळकरी वयात ते बघूनच मियाकेंना डिझाइन म्हणजे काय हे पहिल्यांदा जाणवलं असं ते सांगत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा इथल्या दुकानाच्या काचेसमोर मी नुसती उभी राहिले होते थोडा वेळ.

नदीकाठ
हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले.

हिरवी_वाट
एक जरा टोचणारा मुद्दा मांडू का? सगळं पॉलिएस्टर आहे. धुताना बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात, हे आता सगळ्यांना माहिती आहे. कितीही टिकाऊ असलं तरी ते कापसासारखं मातीत मिसळणार नाही. यावर त्यांनी काही केलं का?

तिरकी_घडी
मुद्दा रास्त आहे आणि त्यांनाही सतावत होता. २०१० ला "१३२ ५." नावाचं काम आलं, रीसायकल केलेल्या पॉलिएस्टरचं. त्सुकुबा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ जुन मितानी कागदाच्या घड्यांपासून त्रिमित आकार करण्याचं सॉफ्टवेअर लिहीत होते, त्यावरून सुचलेलं. सपाट घडी घातलेला तारा किंवा चौकोन दिसतो, वरून उचलला की स्कर्ट किंवा ड्रेस उभा राहतो. त्याआधी १९९८ च्या सुमाराला ए-पॉक होतं, डिझायनर दाई फुजिवारांबरोबरचं, त्यात नळीसारख्या विणलेल्या कापडातून कपडा नुसता कापून काढायचा, शिवायचं नाहीच, वाया जाणारं कापड कमी.

माझं मत विचाराल तर तंतू गळण्याचा प्रश्न यातून सुटत नाही. रीसायकल पॉलिएस्टरही गळतंच. पण कमी धुणं, इस्त्री नाही आणि कपडा पंधरा-वीस वर्षं वापरात, हे मी वजनात धरते. दर सीझनला टाकून द्यायच्या स्वस्त पॉलिएस्टर कुर्त्यांशी त्याची तुलना मी तरी करणार नाही.

हिरवी_वाट
पंधरा वर्षं वापरणार असाल तर माझा विरोध बराच मवाळ होतो. तरी पिशवीत घालून धुवा, गार पाण्यात, एवढी विनंती.

इचलकरंजीकर
लोकरीचं राहिलं. लोकरीत कायमची घडी बसवायची रासायनिक पद्धत ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात निघाली, सिरोसेट नावाची. तेव्हा नैसर्गिक धाग्यात अजिबातच होत नाही असं नाही. कॉटनला रेझिन लावतात तसं. पण ते घरच्या शिवणकामाचं काम नाही, नाशिकच्या उन्हात लोकरीचा कुर्ता तर नकोच 🙂

कोकणकडा
भारताशी संबंध विचाराल तर आहे, आणि तो चुण्यांपेक्षा जुना आहे. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या आशा साराभाईंबरोबर मियाकेंच्या स्टुडिओने काम केलं, आपलं हातमागाचं कापड, आपली हातशिलाई. आणि केतकीने ज्यांचा उल्लेख केला त्या मिनागावांनी २००० ला "हाट" नावाचं लेबल काढलं, त्यात आजही भारतीय हातकाम असतं. म्हणजे ज्या बाईने पॉलिएस्टरच्या चुण्यांचं कापड घडवलं तीच आपल्या कारागिरांकडेही आली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मशीन विरुद्ध हात असं भांडण आपण लावतो ते त्यांच्या डोक्यात नव्हतंच.

मुंबईचा_कारागीर
हे वाचून बरं वाटलं.

सुईदोरा
मी आज बाईंशी बोलले. टसरचा धागा आणि त्या टॉपचा आतल्या शिवणीचा एक तंतू जाळून दाखवला, टसरची राख झाली आणि टॉपच्या धाग्याचा कडक मणी. त्यांना लगेच पटलं. टसरचा साधा सरळ कुर्ता करायचा ठरलं. आणि वर म्हणाल्या, चुण्यांचा तुला जमेल तसा दुसऱ्या कापडात करून दे, बिघडला तर बिघडला. आता सांगा, माप कसं धरू?

तिरकी_घडी
वा, अशी गिऱ्हाइकं सगळ्यांना मिळोत!

आता मापं. एकावर एक पूर्ण चढणाऱ्या नाइफ प्लीट्सना कापड तिप्पट लागतं. पण कागदावरचा हिशेब धरू नका, त्याच कापडाचा हातभर तुकडा प्लीटिंगवाल्याकडून करून आणा, आधीची रुंदी भागिले नंतरची, तो तुमचा आकडा. चुण्या उभ्या असतील तर फक्त रुंदी त्या आकड्याने वाढवा. उंची आहे तीच ठेवा. गळाही रुंदीत तेवढाच वाढवायचा, खोली तशीच. तो कापलेला गळा आडव्या बोटीसारखा दिसेल, घाबरू नका.

बाही अवघड आहे. कपडा टी आकारात सपाट पसरला आणि उभ्या चुण्या घातल्या तर बाहीच्या लांबीवर आडव्या चुण्या पडतात, म्हणजे बाहीची लांबी आटते आणि घेर तसाच राहतो. तेव्हा पहिल्या खेपेला बिनबाह्यांचा करा किंवा बाही लांबीत तेवढ्याच पटीने वाढवून कापा.

इचलकरंजीकर
कापड शंभर टक्के पॉलिएस्टरच घ्या, पातळ, क्रेप किंवा जॉर्जेट. दोराही पॉलिएस्टरचाच, कॉटनचा दोरा आटला की शिवण ओढली जाईल. अस्तर लावू नका.

मुंबईचा_कारागीर
जोड कमीत कमी ठेवा, फक्त बाजू आणि खांदे. जाड ओव्हरलॉक नको, बारीक तीन दोऱ्यांचं करा आणि शिवण एका बाजूला पाडून दाबून घ्या. खालची दुमड घालू नका, पिको करा. बटण, हूक, कॅनव्हास काही लावायचं असेल तर चुण्या झाल्यावर.

केतकी_टोक्यो
आणि झाल्यावर फोटो टाका! घालून टाका, हँगरवरचा नको, हँगरवर तो कपडा काहीच सांगत नाही. हात वर केलेला एक, बसलेला एक.

सुईदोरा
नक्की टाकते. बाही तिप्पट लांबीची कापतेय, बिनबाह्यांचा करायला बाई तयार नाहीत. एकच शंका राहिली, काखेतला गोल आकार ठेवू की सरळ चौकोनी कापू? सपाट पसरायचं असेल तर मला चौकोनी बरं वाटतंय.

तिरकी_घडी
चौकोनी. काखेत छोटा चौकोनी ठिगळ-तुकडा मात्र घालू नका, तिथे चार जोड एकत्र येतील आणि प्लीटिंगवाला कपडा परत करेल. जरा सैल धरा, चुणी घेईल सांभाळून.